शेपूटगाडी

ड्वाइट हॅसलक्विस्टच्या दातांविषयी मला काहीही म्हणायचं नाही. दंतवैद्याचे दात चांगले असणारच, त्यात कौतुक ते काय? मी उभी हयात गावच्या पाणीखात्यात घालवली. माझ्या घरातला एकही नळ गळत नाही. म्हणून कुणी माझ्याकडे बघून "वा, ओरिन, काय नळ आहेत!" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. ड्वाइट पहिल्यांदा आमच्या मंडळात आला त्या संध्याकाळी मात्र माझी बायको लव्हॉन घरी परतताना म्हणाली, "किती मोकळं हसतो, नाही?"

"तोंड मिटून बसला तर धंद्याची जाहिरात कशी व्हायची?" मी म्हटलं.

"निवृत्त झालाय तो, ओरिन."

संभाषण तिथे संपलं. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते संपलं नाही.

मंडळ म्हणजे जुन्या लिंकन हमरस्त्याच्या वेड्यांचं. एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणारा देशातला तो पहिला मोटाररस्ता, आणि आयोवातल्या आमच्या वॉलनट जंक्शनच्या मधून गेलेला. पुढे शेजारून नवा चौपदरी रस्ता झाला आणि जग तिकडे वळलं. आम्ही वळलो नाही. दर ऑगस्टात जुन्या गाड्या काढून आम्ही नदीकाठच्या टेकड्यांतल्या बेल्मोर गावी हमरस्त्याच्या उत्सवाला जातो, आणि जुन्याच रस्त्याने जातो. मंडळाचे नियम दोन. पहिला, चौपदरीला चाक लावायचं नाही. ज्याने लावलं त्याला उत्सवाच्या मेजवानीत 'चौपदरीच्या टेबलावर' बसावं लागतं. हे टेबल स्वच्छतागृहाच्या दाराला लागून असतं आणि तिथे बसलेल्याशी गोड पदार्थ येईपर्यंत कुणी बोलत नाही. दुसरा नियम, जितका जुना तितका खरा. एकोणीसशे वीसचा रस्ता आणि एकोणीसशे तेराचा रस्ता समोरासमोर आले तर आमचा माणूस तेराच्याच रस्त्याने जाणार, मग तो कुणाच्या का गोठ्यातून जाईना. या नियमावर पुढचं सगळं रामायण घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

या तांड्याच्या पुढची गाडी वर्षानुवर्षं माझी. कुठे वळायचं, कुठे विटांचा तुकडा लागतो, कुठल्या शाळेमागे हमरस्त्याच्या खुणेचा मूळ सिमेंटचा खांब अजून उभा आहे, सगळं मला पाठ. माझी सदुसष्ट सालची स्टेशन वॅगन दिसायला देखणी नाही, हे मी मान्य करतो. पण तिच्या मागे सात गाड्या मुकाट्याने येत, आणि माझ्या शेजारी लव्हॉन मांडीवर झेंडा घेऊन बसे. पाणीखात्यातल्या माणसाच्या मागे आयुष्यात दुसरं कोण चालणार?

त्या वर्षी लुथरन चर्चच्या तळघरात बैठक होती. अध्यक्ष मार्ज पॉस्पिसिल. ती पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती, त्यामुळे माणसं दिसली की तिला त्यांची रांग लावावीशी वाटते. कॉफी झाली, लिंबाच्या वड्या झाल्या, आणि मार्ज म्हणाली, "ओरिन, मला आपलं असं वाटत होतं..."

आमच्या भागात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. जेवण फसलं तर "वेगळं झालंय हं" म्हणायचं, पाहुणा नकोसा झाला तर "उद्या लवकर उठायचं असेल ना तुला?" असं विचारायचं. आणि कुणी "मला आपलं असं वाटत होतं" म्हणालं की समजावं, ते ठरून गेलेलं आहे.

"ड्वाइटची गाडी अठ्ठावीस सालची आहे," मार्ज म्हणाली. "वरून उघडी, हिरवीगार. वेशीतून आत शिरताना पुढे ती असली तर... म्हणजे तुझीही छानच आहे."

"नको नको," ड्वाइट लगेच म्हणाला. "पुढची जागा ओरिनचीच."

आता आमच्याकडे अशा वेळी समोरच्यानेही "छे छे, तूच हो" म्हणायचं असतं. मग पहिल्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या नकाराला खरं काय ते ठरतं. मी रीतीप्रमाणे "छे छे, तूच हो" म्हणालो. आणि तो दंतवैद्य चक्क म्हणाला, "बरं, तू एवढं म्हणतोयस तर." दुसरा नकार नाही, तिसरा नाही! टाळ्यासुद्धा पडल्या. सगळ्यांत आधी वाजवणारे हात माझ्या बायकोचे होते.

मला मिळाली शेपूटगाडी. म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायचं, हत्यारं, पाणी आणि सुटं चाक घेऊन, पुढचा कोण बंद पडतो याची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी मी गवत कापत होतो तर कुंपणापलीकडून व्हर्लिन स्टकी आला. व्हर्लिन आमचा शेजारी. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला सुचतो आणि तो कधीही वाया घालवत नाही.

"शेपूटगाडी म्हणे?" तो म्हणाला. "रुमाल जास्तीचे ने. कच्च्या रस्त्याची सगळी धूळ तुझ्याच नाकात जाणार."

"मला काही वाटत नाही त्याचं."

"दिसतंय. तीच पट्टी तिसऱ्यांदा कापतोयस. आणि लव्हॉन कुठे बसणार?"

"माझ्या शेजारी. आणखी कुठे?"

"विचारलंस तिला?"

मी आत जाऊन विचारलं. लव्हॉन नवीन टोपीला रिबीन शिवत होती. वारा लागला तरी उडू नये म्हणून हनुवटीखाली बांधायची रिबीन. माझ्या गाडीत वारा लागत नाही, कारण तिच्या बाजूची काच खाली होतच नाही. मला काय ते कळलं.

"उघड्या गाडीत झेंडा धरायला कुणीतरी हवं ना," ती म्हणाली. "मार्जने मलाच विचारलं. नाही कसं म्हणू?"

मी पुन्हा कुंपणाशी गेलो. व्हर्लिन तिथेच होता. त्याला आपला सल्ला कधी पिकणार हे बरोबर कळतं.

"हे बघ," तो म्हणाला, "दंतवैद्याला फार तर कुठला रस्ता माहीत असणार? वीस सालचा. टेकड्यांच्या अलीकडे माझे मामा राहायचे. तिथे मूळचा, तेराचा रस्ता मक्यातून सरळ जायचा. मी स्वतः गेलोय त्याच्यावरून."

"कधी?"

"लहान होतो. मामाच्या घोडागाडीतून."

"व्हर्लिन, तू आता ऐंशीच्या पुढे आहेस."

"म्हणून काय झालं? रस्ता काय पळून जातोय?"

या युक्तिवादात काहीतरी खोट आहे हे मला तेव्हाही जाणवलं होतं. पण जळणाऱ्या माणसाला खोट दिसत नाही, फक्त संधी दिसते. तरी मी सरकारी माणूस, चौकशीशिवाय पाऊल टाकत नाही. त्या जिल्ह्याच्या रस्तेखात्याला फोन केला. पाऊण तास संगीत ऐकवून झाल्यावर एक बाई बोलल्या, "हा रस्ता बंद केल्याची नोंद दिसत नाही."

"म्हणजे चालू आहे?"

"चालू असल्याचीही नोंद दिसत नाही."

"मग आहे काय?"

"साहेब, मी फक्त नोंदी बघते. रस्ता तुम्ही जाऊन बघा."

आयुष्यभर मीही लोकांना अशीच उत्तरं दिली होती. समोरच्या टोकाला कसं वाटतं ते त्या दिवशी समजलं. पण 'बंद नाही' एवढं मला पुरेसं होतं.

निघण्याच्या सकाळी लव्हॉन ड्वाइटच्या मागच्या आसनावर राणीसारखी बसली. माझ्या शेजारच्या आसनावर मार्जने बटाटे आणि चीज घालून भट्टीत भाजलेलं तिचं भलंमोठं कॅसरोल ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. "वळणावर हात लाव हं त्याला," ती म्हणाली. बायको दुसऱ्याच्या गाडीत आणि आपण बटाट्यांना सांभाळत धूळ खात मागे, यापेक्षा मानहानी कुणाच्या वाट्याला आली असेल तर त्याने मला पत्र लिहावं.

गाडीगाडीत बोलायला आमच्याकडे छोटे रेडिओ असतात. कळ दाबली की सगळ्यांना ऐकू जातं. ड्वाइटचा रेडिओ लव्हॉनकडे होता आणि तिला हसू आलं की तिचा अंगठा कळीवर पडायचा. त्यामुळे ड्वाइटचा विनोद मला एकही ऐकू आला नाही. ऐकू यायचं ते फक्त तिचं हसू. मैलामैलाला, मध्येच, धुळीतून. छत्तीस वर्षांत मी सांगितलेल्या विनोदांवर ती हसली नाही असं नाही, पण ते हसू "हो, सांगितलं होतंस हे" या जातीचं. हे वेगळं होतं. याला सुरुवातीला एक किंकाळी होती. मी कॅसरोलला म्हटलं, "एवढं काय हसण्यासारखं असतं दातांत?" तेही काही बोललं नाही.

दुपारी जेवायला थांबलो. पावाच्या चारी बाजूंनी बाहेर डोकावणारं तळलेलं मांस सगळ्यांच्या पुढ्यात आलं. मी तोंड पुसून अगदी सहज आवाजात म्हणालो, "पुढे टेकड्यांच्या अलीकडे तेरा सालची मूळ वाट आहे. कुणी गेलेलं नाही तिच्यावरून. अर्थात, ड्वाइटला वीसच्याच रस्त्याने न्यायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही."

मार्जने काटा खाली ठेवला. आमच्या लोकांना दारू चालत नाही, पत्ते चालत नाहीत, पण 'तेरा सालची' म्हटलं की त्यांचे डोळे बदलतात.

"तेराची?" मार्ज हळूच म्हणाली. "नक्की?"

"रस्तेखात्याशी बोललोय मी."

हे खरंच होतं. काय बोललो ते कुणी विचारलं नाही.

"मग प्रश्नच नाही," ड्वाइट म्हणाला आणि उठून त्याने माझा हात हातात घेतला. "ओरिन, पुढे तूच हवास. मी तुझ्या मागे येतो. मला अभिमान वाटेल."

टाळ्या पडल्या. त्या माझ्या शोधाला होत्या असं मला क्षणभर वाटलं. मग मार्ज डोळे टिपत म्हणाली, "किती मोठ्या मनाचा आहे हा माणूस!" जिंकलो मी आणि मन मोठं झालं त्याचं.

"लव्हॉन, चल," मी म्हटलं. "आता पुढची गाडी आपली आहे."

"अरे, पण झेंडा तुझ्या छताला लागेल," ती म्हणाली. "आणि मी टोपी नीट बांधून बसलेय. तू हो पुढे, आम्ही आहोतच मागे."

आम्ही! हा शब्द मी पुढचे कित्येक मैल चघळत होतो.

वळण सापडलं. मक्याच्या दोन भिंतींमधून एक गवताळ पट्टा सरळ पश्चिमेला गेला होता. मी शिरलो, मागे हिरवी गाडी, तिच्यामागे बाकीच्या सहा. रेडिओवर "अहाहा" चाललं होतं. मका दोन्ही बाजूंनी काचा घासू लागला तेव्हा "अहाहा" थांबलं. पट्टा एका गोठ्याच्या आणि घराच्या मधून गेला. दोरीवर वाळत घातलेली एक चादर माझ्या बोनेटवर आली आणि अर्धी काच झाकून थोडा वेळ माझ्याबरोबर राहिली. एक बाई खिडकीतून बघत होत्या. मी टोपीला हात लावला. मग एक उघडं फाटक लागलं, मग कुरण, मग गाई, आणि मग चादर सरकून खाली पडली तेव्हा समोर तळं होतं.

मी ब्रेक दाबला. माझी गाडी थांबली. अठ्ठावीस सालच्या गाडीचे ब्रेक थांबण्याआधी थोडा विचार करतात. मला धडक बसू नये म्हणून ड्वाइटने चाक उजवीकडे फिरवलं, आणि हिरवी गाडी माझ्या शेजारून अगदी संथपणे, घाई न करता, तळ्यात गेली. मधोमध नाही, पण चाकं बुडाली, इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. मागच्या आसनावर लव्हॉन झेंडा घेऊन ताठ उभी होती.

रेडिओ खरखरला. ड्वाइटचा आवाज आला, "ओरिन, हा भाग नक्की कुठल्या सालचा?"

मक्यात अडकलेल्या सहाच्या सहा गाड्यांतून हसू फुटलं. आणि सगळ्यांच्या वर ती किंकाळी.

शेतकरी, हार्लन ब्रस, काठी घेऊन आला. "काय चाललंय हे?"

"हा लिंकन हमरस्ता आहे," मी म्हणालो.

"हा माझा गोठा होता, तो माझा मका होता, आणि हे माझ्या वडिलांनी खणलेलं तळं आहे. हमरस्ता कुठाय यात?"

"कायद्याने रस्ता बंद झालेला नाही. चौकशी करून आलोय मी."

"तळ्याला सांगा तसं."

खिडकीतल्या बाईंनी, म्हणजे डोरिस ब्रसनी, तोवर शेरीफकडे फोन केला होता. तिकडून डेप्युटी मून नावाची तरुण अधिकारी आली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रस्तेखात्याला फोन लावला. बराच वेळ ती नुसती "हं, हं" करत होती. मग तिने गाडीतून फीत काढून कुरणात मापं घेतली.

"असं आहे," ती मला म्हणाली. "रस्त्याची दक्षिणेकडची अर्धी बाजू पूर्वीच बंद करून मळ्यात घेतलीय. उत्तरेकडची बाजू बंद करायची राहून गेली. म्हणजे तुमची उजवी चाकं सार्वजनिक रस्त्यावर आहेत आणि डावी अतिक्रमणात."

"आणि डॉक्टर?"

तिने तळ्याकडे बघितलं. "ते पूर्णपणे कायद्याने आहेत."

ड्वाइटने पाण्यातून हात हलवला. तळ्यात पडूनसुद्धा या माणसाने माझ्यावर मात केली होती.

पुढचं सांगायला मला कष्ट होतात. ब्रसने ट्रॅक्टरने हिरवी गाडी ओढून काढली. ड्वाइटने पँट पिळत डोरिसबाईंच्या गाईंची नावं विचारली. मग गाडीच्या पेटाऱ्यातून त्याने स्वतः केलेली, रूबार्बच्या आंबट देठांची गोड पाई काढली. पुरुष असून पाई करतो, आणि ती तळ्यात जाऊनही कोरडी राहते! डोरिसबाईंनी लिंबू सरबत आणलं, ब्रसने काठी टाकून खुर्च्या आणल्या, आणि मघाशी शेरीफला बोलावणारं घर सणासारखं गजबजलं. "या सहलीतला सगळ्यांत छान भाग हाच!" मार्ज म्हणाली. कुणाला? ड्वाइटला. तळं मी शोधलं होतं!

हिरव्या गाडीचं इंजिन काही सुरू होईना. बाकीच्या सहा गाड्या उलट्या चालीने मक्यातून बाहेर पडून वीस सालच्या रस्त्याला लागल्या. ड्वाइटला ओढून न्यायला जड गाडी एकच होती.

"शेपूटगाडीचं कामच ते," मार्ज जाताना म्हणाली.

ब्रसने जाड दोर दिला. गाठ मी मारली. निघणार तेवढ्यात डेप्युटी मून म्हणाली, "जुन्या पुलावरून जाता येणार नाही हं तुम्हाला. ओढलेल्या गाड्यांना बंदी आहे तिथे."

"कुणी घातली बंदी?"

"तुमच्याच मंडळाने. ऐतिहासिक पूल म्हणून तिघाचौघांनी दोन वर्षं आमचा पिच्छा पुरवला. पुढारी कुणी टजाडेन म्हणून होता. फार चिकट माणूस."

टजाडेन म्हणजे मी. तो बंदीचा फलक लागला त्या दिवशी मी त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला होता.

"मग दुसरा रस्ता?"

तिने दक्षिणेकडे बोट दाखवलं. टेकडीपलीकडून चौपदरीची घरघर ऐकू येत होती. "पुढच्या फाट्यापर्यंतच जायचंय. मी दिवे लावून मागे राहते."

मी ड्वाइटकडे बघितलं. तो म्हणाला, "माझ्यासाठी नको, ओरिन. मी इथेच राहतो." लव्हॉन म्हणाली, "ओल्या पायांनी?" त्या दोन शब्दांत निकाल लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी चौपदरीला चाक लावलं, तेही त्या माणसाला ओढत.

आरशात मला दोघं दिसत होते. इंजिन बंद, त्यामुळे ड्वाइटला काहीच काम नव्हतं. तो मागे वळून बोलत होता, लव्हॉन रिबीन उडवत बसली होती. बैल मी होतो आणि गाडीत मजा त्यांची. मनात काय काय आलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. चौपदरीच्या कडेला मी दोनदा गाडी थांबवून उतरलो आणि गाठ तपासली. गाठ घट्ट होती. दोन्ही वेळा मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत उभा राहिलो, एवढंच. दुसऱ्यांदा डेप्युटी मूनने भोंगा वाजवला.

बेल्मोरच्या वेशीत आम्ही शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं होती. मागे पोलिसांचे लुकलुकते दिवे, पुढे चिखलाने माखलेली वॅगन, मधे हिरवी गाडी आणि झेंडा. लोकांना वाटलं हा मुद्दाम केलेला देखावा आहे, जुन्या काळातल्या प्रवासाचा. बँडने सुरुवात केली. "बघा, बघा, ती हिरवी!" असं चहूकडून ऐकू येत होतं. चौपदरीने लवकर पोचल्यामुळे मी सगळ्यांच्या पुढे होतो, बाकीच्या सहा गाड्या अजून जुन्या रस्त्यावरच होत्या. वेशीतून आत शिरणारी पहिली गाडी माझी होती, आणि एकाही माणसाची नजर माझ्यावर नव्हती.

मेजवानीच्या आधी मार्जने समितीची बैठक घेतली. प्रश्न गंभीर होता. चौपदरीला चाक लागलं होतं. मला वाटलं, निदान शिक्षा तरी एकत्र भोगू. मग टेबल स्वच्छतागृहाशी असो नाहीतर आत असो, लव्हॉन माझ्या शेजारी असेल.

"नियम चालवणाऱ्याला आहे," मार्ज म्हणाली. "ड्वाइटचं इंजिन बंद होतं. त्याने गाडी चालवली नाही, ती नेली गेली. लव्हॉन तर नुसती बसली होती. तेव्हा दोघं निर्दोष. ओरिन, तू मात्र..."

"मला आपलं असं वाटत होतं..." मी सुरुवात केली.

"हो ना," मार्ज प्रेमाने म्हणाली आणि मला टेबल दाखवलं.

मी एकटा बसलो. भल्यामोठ्या गोल टेबलाला आठ खुर्च्या आणि माणूस एक. समोर, व्यासपीठाजवळ ड्वाइट उभा राहून तळ्याची गोष्ट सांगत होता, आणि मला कबूल करावं लागेल, चांगली सांगत होता. माझं नाव त्याने तीनदा घेतलं, तिन्ही वेळा कौतुकाने. त्याने एकदा जरी मला मूर्ख म्हटलं असतं तर मला जेवण गेलं असतं. लव्हॉन दोनदा माझ्याकडे आली, पण दोन्ही वेळा ती स्वच्छतागृहाकडे निघाली होती. परतताना खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कॅसरोल कसं झालंय?"

"वेगळं झालंय," मी म्हणालो.

सकाळी मोटेलच्या न्याहारीच्या खोलीत बेल्मोरचं वर्तमानपत्र आलं होतं. पहिल्या पानावर मोठा फोटो. हिरवी गाडी, चाकाशी ड्वाइट, कॅमेऱ्याकडे बघून सगळे दात दाखवत. मागे झेंडा आणि लव्हॉन. पुढे, फोटोच्या कडेला, दोराचा वीतभर तुकडा, आणि मग पान संपलेलं. माझी गाडी कापून टाकली होती. खाली लिहिलं होतं, 'हमरस्त्याचे मानकरी.'

मी पान उलटं करून ठेवलं. लव्हॉन कॉफी घेऊन आली, तिने ते पुन्हा सुलटं केलं.

"मी यात नाहीच," मी म्हटलं. माझा आवाज मला स्वतःला लहान मुलासारखा वाटला, पण लपवण्यात आता अर्थ नव्हता. "सगळा रस्ता तुला त्याच्याबरोबर हसताना ऐकलं मी, लव्हॉन. मला आवडलं नाही ते. अजिबात आवडलं नाही."

तिने पान माझ्याकडे सरकवलं. मग फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवून म्हणाली, "मी कुठे बघतेय बघ."

मी चष्मा लावला. ड्वाइट कॅमेऱ्याकडे बघत होता, रस्त्याकडेची माणसं ड्वाइटकडे बघत होती. आणि लव्हॉन दोघांकडेही बघत नव्हती. मान उंच करून ती दोर जिकडे गेला होता तिकडे, पानाच्या कडेबाहेर, माझ्याकडे बघत होती. एकटक. इतकी वर्षं संसार केला आणि एवढी साधी गोष्ट आरशात दिसली नाही मला.

"माझ्याकडे बघत होतीस," मी म्हणालो.

"मग? दोनदा उतरला होतास गाठीपाशी. सारखी धास्ती, हा माणूस आता सोडतो की मग सोडतो."

"घट्ट आहे की नाही ते बघत होतो."

"ओरिन."

"दुसऱ्यांदा थोडी सैल केली होती," मी म्हणालो. "पण परत आवळली."

तिच्या तोंडात कॉफी होती. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग ती किंकाळी आली, अगदी तीच, सुरुवातीची, आणि कॉफी ड्वाइटच्या फोटोवर उडाली. न्याहारीची सगळी खोली वळून बघायला लागली. दाराशी उभा राहून ड्वाइटही बघत होता.

"काय झालं?" त्याने विचारलं. "मलाही सांगा की."

"काही नाही," मी म्हणालो. "घरचं आहे."